मेहुण्यांचं यंत्र आणि सोसायटीचं कर्ज

प्रश्न, थोडक्यात: तासगाव तालुक्यात आमची तीन एकर द्राक्षबाग आहे, माल बहुतेक बेदाण्याला जातो. मुलगी २२ वर्षांची, १२ बोअरच्या बंदुकीने ट्रॅप खेळते, म्हणजे हवेत उडवलेल्या चकत्या छऱ्यांनी फोडते, परवाना तिच्याच नावावर आहे. महिन्याला ५०० काडतुसं लागतात आणि हातात पडेपर्यंत एक काडतूस ५० रुपयांना बसतं. माझे मेहुणे अमेरिकेत ओहायोला असतात. ते रिकामी काडतुसं घरीच पुन्हा भरतात आणि खर्च निम्म्यावर येतो म्हणतात. यंत्र तेच घेऊन येतील. यंत्र, छरे, बाकी माल असा ३ लाखांचा अंदाज आहे. सोसायटीचं बिनव्याजी पीक कर्ज त्यासाठी वापरावं असं डोक्यात आहे. जास्तीची काडतुसं ओळखीच्या दोन-तीन नेमबाजांना दिली की पैसे लवकर वसूल होतील. हिशेब बरोबर आहे ना?

उत्तर: गुणाकार बरोबर आहे. महिन्याला २५ हजार, वर्षाला ३ लाख, निम्मे वाचले तर दीड लाख, म्हणजे दोन वर्षांत यंत्राचे पैसे निघाले. तरीही माझं उत्तर नाही असंच आहे, आणि त्याचं पहिलं कारण वहीत मांडता येण्यासारखं नाही.

मेहुणे जिथे राहतात तिथे छंद म्हणून घरी काडतूस भरणं सर्रास चालतं. आपल्याकडे शस्त्र कायदा १९५९ चा आहे आणि त्यात दारूगोळ्याची व्याख्या वाचलीत तर चक्रावून जाल. तयार काडतूस तर त्यात आहेच, पण त्याचे सुटे भाग आणि ते बनवायची यंत्रंसुद्धा त्यात धरली आहेत. म्हणजे मेहुणे बॅगेतून जे आणणार ते कस्टमच्या टेबलावर हौसेचं अवजार ठरत नाही. बाहेरून आणायला कलम १० खाली वेगळा परवाना लागतो आणि बनवायला, विकायला कलम ५ खाली. मुलीचा परवाना बंदूक आणि काडतुसं बाळगायचा आहे, काडतूस तयार करायचा नाही. परवान्याशिवाय बनवलं किंवा विकलं तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर शिक्षा किमान सात वर्षं आहे आणि ती जन्मठेपेपर्यंत जाते. ओळखीच्यांना देऊन वसुली करायचं तुम्ही सहज लिहून गेलात, पण अख्ख्या पत्रात सगळ्यात महाग ओळ तीच आहे. मुलीचा परवाना गेला की खेळ संपला. उद्या खेळाडूंच्या ५ टक्के राखीव जागेतून सरकारी नोकरीला अर्ज करायची वेळ आली, तर चारित्र्य पडताळणीत हेच प्रकरण वर येईल. शंका असेल तर जिल्हाधिकारी कार्यालयाच्या शस्त्र परवाना शाखेत लेखी विचारा आणि लेखीच उत्तर घ्या. क्लबात कोण काय म्हणालं त्यावर जाऊ नका.

आता समजा, कायद्याची अडचणच नाही. तरी मेहुण्यांचा हिशेब तुम्हाला लागू पडतो का? मला नाही वाटत. अमेरिकेत स्कीट, म्हणजे चकत्या फोडायचाच दुसरा प्रकार, चार वेगवेगळ्या बोअरने (नळीच्या मापाने) खेळतात, १२, २०, २८ आणि ४१०. यातल्या २८ आणि ४१० ची तयार काडतुसं तिथेही महाग असतात, त्यामुळे घरी भरली की खरंच पैसे वाचतात. १२ बोअरची साधी सरावाची काडतुसं मात्र कारखान्यात इतक्या प्रचंड संख्येने निघतात की घरी भरून डब्यामागे फारसं काही हाती लागत नाही. त्यात २०२० नंतर तिथे प्रायमरची, म्हणजे काडतुसाच्या बुडाशी ठिणगी पाडणाऱ्या टोपीची, चांगलीच टंचाई झाली आणि भाव चढले. मेहुण्यांना एकच विचारा: निम्मा खर्च म्हणताय तो कुठल्या बोअरचा? तुमची मुलगी ऑलिंपिक ट्रॅप खेळते, तिथे १२ बोअर आणि २४ ग्रॅम छरे. दुसऱ्या बोअरची बचत तिच्या खात्यावर जमा होणार नाही.

शिवाय त्यांचा माल कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतो. काडतुसात पाच गोष्टी असतात: रिकामं टरफल, प्रायमर, दारू, वॅड (दारू आणि छरे यांच्यामधलं बूच) आणि छरे. यातलं टरफल तेवढं रेंजवरून फुकट वेचता येतं, तेही दोन-चारदा वापरलं की तोंडाशी चिरतं. बाकी चार गोष्टी इथे सरळ मार्गाने, दर महिन्याला, एकाच दर्जाच्या कुठून आणणार? नुसते छरेच घ्या. वर्षाला ६,००० काडतुसं गुणिले २४ ग्रॅम म्हणजे १४४ किलो शिसं. ते घरात साठवायचं, हाताळायचं, त्याची भुकटी हाताला आणि कपड्यांना लागणार, आणि त्याच घरात लहान मुलं वावरणार. दारू तर त्याहून वेगळी, तिला स्फोटकांचे नियम लागू होतात. आग लागली आणि बेकायदा साठा निघाला, तर विमा कंपनी दाव्याला उभी राहणार नाही.

वेळेचा हिशेब तुम्ही केलेलाच नाही. साध्या एका हँडलच्या यंत्रावर सरावलेला माणूस तासाला दोनशेच्या आसपास काडतुसं भरतो. ऐकायला सोपं वाटतं. पण टरफलं निवडणं, दारूचं वजन पुन्हा पुन्हा तपासणं, डबे भरणं हे वेगळंच. आणि हे काम घरात कोण करणार हे मला पत्रावरूनच दिसतंय: मुलगी, रात्री, सरावाहून दमून आल्यावर. अशा वेळी एका टरफलात दारू पडायची राहते. बार फुसका जातो, वॅड नळीत अडकते, नेमबाजाला ते कळत नाही आणि मागून दुसरा बार निघतो. नळी फुटते. तिची इटालियन बंदूक सेकंडहँड असली तरी लाखांत आहे, आणि बऱ्याच कंपन्या हाताने भरलेल्या काडतुसाने झालेलं नुकसान वॉरंटीत धरतच नाहीत. डोळा आणि बोटं तर कुठल्याच वॉरंटीत नसतात.

पीक कर्जाचं मात्र जरा सविस्तर बोलतो, कारण हा मोह फक्त तुम्हालाच होतो असं नाही. राज्यात ३ लाखांपर्यंतचं पीक कर्ज बिनव्याजी पडतं हे खरं, पण ते मुदतीत फेडलं तरच. तुमचा पैसा कधी येतो ते बघा. फेब्रुवारी ते एप्रिल द्राक्षं उतरतात, मग बेदाणा शेडवर, मग कोल्ड स्टोरेजला, आणि दर बरा नसेल तर तुम्ही सौद्याला माल काढतच नाही, थांबता. थांबायची ही ताकद तुमच्या धंद्यातली खरी कमाई आहे. कर्जाचे ३ लाख यंत्रात अडकले की मुदत भरायला पडेल त्या दराने बेदाणा काढावा लागेल. किलोमागे वीस रुपये जरी कमी आले तरी पाच टनांवर एक लाख गेले. आणि ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस लागून राहिला, डाऊनी या बुरशीच्या रोगावरच्या फवारण्या वाढल्या, तर त्या वेळी औषधाच्या दुकानात उधारी सांगाल, दोन-अडीच टक्के महिन्याने. बिनव्याजी कर्ज असं व्याजाचं होतं. पिकासाठी घेतलेला पैसा दुसरीकडे वळवणं नियमातही बसत नाही, ते वेगळंच.

मग वर्षाचे ३ लाख आहेत तसेच जाऊ द्यायचे का? नाही, पण कापायचं ते दुसरीकडे. मुलीला महिनाभर एक वही ठेवायला सांगा: किती क्ले, म्हणजे चकत्या, उडाले, किती फुटले, पहिल्या बाराला किती आणि दुसऱ्याला किती. ट्रॅपमध्ये एका क्लेवर दोन बार काढता येतात, म्हणून २५ क्लेच्या राउंडला ३५ काडतुसं सहज जातात. दुसरा बार सवयीने निघतोय की गरजेने, हे प्रशिक्षकांनी वहीवरून पाहावं. काही राउंड फक्त एकाच काडतुसावर खेळले तर प्रत्येकी दहा वाचतात, आणि पहिला बार सुधारतो तो वेगळा. घरी रिकामी बंदूक रोज खांद्याला लावायचा सराव फुकट आहे. चांगले नेमबाज तो सोडत नाहीत. आपल्या भागात तेजस्विनी सावंत, राही सरनोबत, स्वप्नील कुसाळे यांच्यामुळे नेमबाजी घराघरात पोचली, पण ते रायफल-पिस्तूलवाले. शॉटगनमध्ये पहिल्या दिवसापासून काडतुसाचा मीटर पडतो, म्हणून ही वही इथे जास्त कामाची.

काडतुसं राज्य संघटनेमार्फत एकत्र मागणी करून घ्या. नॅशनल रायफल असोसिएशन आयात करून नेमबाजांना काडतुसं देते, तिथला दर आणि तुमचे ५० रुपये यांची तुलना आधी करा. मधल्या माणसाकडून घेत असाल तर निम्मा प्रश्न इथेच सुटेल.

पैशाची सोय अशी करा. बेदाण्याच्या पट्टीतून, म्हणजे विक्रीच्या पैशातून, कर्ज फेडून आणि पुढच्या छाटणीचा खर्च बाजूला काढून जे उरेल, त्यातले जास्तीत जास्त अडीच लाख मुलीच्या नावाने वेगळ्या खात्यात टाका. वर्षभर तेवढेच. खातं तिने सांभाळायचं, डिसेंबरात संपलं तर तिनेच ठरवायचं कुठली स्पर्धा सोडायची. दोन हंगामांनंतर वही घेऊन प्रशिक्षकांसमोर तिघं बसा, १२५ क्लेच्या स्पर्धेतला आकडा हलतोय का ते बघा, आणि पुढचा आकडा तेव्हा ठरवा. आज पाच वर्षांचा हिशेब मांडून उपयोग नाही.

मेहुण्यांना वाईट वाटू देऊ नका, त्यांनी आपुलकीनेच सुचवलंय. काही आणायचंच म्हणतील तर बदलत्या काचांचा चांगला शूटिंग चष्मा आणि कानावरचे मफ आणायला सांगा, पावतीसकट.