अकरा पिल्लं देणारीचा मुलगा आणला तर?

प्रश्न : काका, माझ्याकडे यॉर्कशायर जातीची एक डुकरीण आहे. मेच्या शेवटी भरवली, म्हणजे नर दाखवला, गणपतीनंतर व्याली. पहिलंच वेत, पण पिल्लं सहाच. नर तिच्याच वेतातला, दोघं एका जागेहून आणली होती. पलीकडच्या वाडीत एकीने अकरा दिली. तिच्या नर पिल्लाचे पैसे आगाऊ देऊन ठेवू का? म्हणजे आमच्याकडेही अकरा होतील.
– एक वाचक, सावंतवाडी तालुका

उत्तर : त्या आशेवर पैसे देऊ नका.

माजात डुकरिणीची पंधरा-वीस बीजं, म्हणजे अंडी, सुटतात. त्यांतली साधारण तिसरा हिस्सा पहिल्या महिन्यातच जिरतात. बीजं किती सुटावीत आणि पोटात किती तगावीत, दोन्ही मादीच्या हातात. नर चांगला नसेल तर पिल्लं कमी होतील, पण अकरा देणारीचा मुलगा आहे म्हणून तुमच्या डुकरिणीला अकरा होणार नाहीत. आईचा तो गुण त्याच्याकडून पुढे जाईल तो त्याच्या मुलींत दिसेल. किती, तेही मांडून बघा. बाकीच्या डुकरिणी आठ देतात असं धरू, म्हणजे ही तीनाने वरचढ. पिल्लांच्या संख्येत रक्ताचा वाटा जेमतेम दहावा, बाकी चारा, ऊन, वय आणि नशीब. तिनाचा दहावा भाग ०.३. मुलाकडे त्याचं अर्धं, ०.१५. त्याच्या मुलींकडे त्याचंही अर्धं. शंभर मुली व्यायल्या तर सगळ्यांची मिळून सात-आठ पिल्लं जास्त. एवढ्यासाठी आगाऊ पैसे?

मोठ्या कंपन्या याच दहाव्या वाट्यावर पुढे गेल्या, पण हजारो डुकरिणींची आणि त्यांच्या बहिणी-मावश्यांची वेतं लिहून ठेवून. एका वाडीतल्या एका वेतावरून काही ठरत नाही.

तुमचं खरं दुखणं तुम्हीच लिहून गेलात : नर तिच्याच वेतातला. भाऊ-बहीण! मी सरकारी नोकरीत पशुधन पर्यवेक्षक होतो, लोकांना हे सांगत फिरायचो आणि घरी तेच केलं. परसात चांदी नावाची डुकरीण होती, दहा-दहा पिल्लं द्यायची. तिचा एक मुलगा लांब पाठीचा, गुलाबी, बघत राहावा असा. ठेवला, आणि तिच्याच मुलींवर सोडला. नोंद भिंतीवरच्या कॅलेंडरवर असायची. त्या वेतांत फार फरक पडला नाही, एक-दोन पिल्लं मरतुकडी, एकाच्या बेंबीला गाठ. मार बसला तो त्यातून जन्मलेल्या माद्या व्यायल्या तेव्हा. सात, सहा, परत सहा. कॅलेंडर बायकोने वाचून दाखवलं.

म्हणून या सहांतली मादी पैदाशीला ठेवू नका आणि हा नर खच्ची करून विका. नवा नर दुसऱ्या रक्ताचा आणा. लँड्रेस जातीचा मिळाला तर उत्तमच, कारण दोन जातींच्या संकरातली मादी शुद्ध आईपेक्षा जास्त पिल्लं वाढवते. गोव्यात आगोंदा गोवन ही नोंद झालेली देशी जात आहे. तिचा यॉर्कशायरशी संकर जुन्या गोव्याच्या केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेने केलेला आहे, तिथे एकदा चौकशी करा.

मेमध्ये भरवलीत तेही बघा. पत्र्याखाली तापलेल्या नराचं रेत बिघडतं, आणि ते सुधारायला पुढे दीड महिना लागतो. पत्र्यावर झावळ्या टाका, दुपारी अंगावर पाणी मारा.

वेळ चुकली असेल तर जातीचा काय दोष? आमची आई म्हणायची, "उगी रवली काय भरवूची." म्हणजे गप्प उभी राहिली की भरवायची. पाठीवर हाताचा भार द्या. डुकरीण खांबासारखी उभी राहिली, कान ताठ झाले, की त्यानंतर साधारण बारा तासांनी एकदा आणि पुन्हा बारा तासांनी एकदा. एकदाच भरवून गप्प बसलात तर बरीच बीजं फुकट जातात. पहिलारू मादी पहिल्या माजावर भरवू नका, दुसऱ्या-तिसऱ्यावर भरवा. भरवण्याआधी दहा-बारा दिवस भरडा वाढवा, भरवल्यावर लगेच कमी करा. एवढं करूनही पहिलं वेत लहानच असतं. तिसऱ्या-चौथ्याला ती आपला खरा आकडा दाखवते. तेव्हा हिला खाटकाकडे पाठवू नका.

मादी निवडताना सड मोजा. पिल्लांच्या आकड्यापेक्षा सडांचा आकडा आईकडून जास्त खात्रीने उतरतो. चौदा हवेत, आणि सगळे चालू. प्रत्येक पिल्लू आपला एकच सड धरून बसतं, त्यामुळे अकरा झाली आणि दूध दहांतच असलं तर अकरावं तुम्हाला बाटलीवर वाढवावं लागेल, रात्री दोनला उठून.