चित्रपट महोत्सवातून निवडीचा मेल आला, आता बातमी कधी द्यायची?

अभिनंदन! पण पोस्ट टाकायची घाई करू नका. मेल शेवटपर्यंत वाचा. महोत्सव स्वतःची यादी जाहीर करेपर्यंत गप्प राहण्याची अट त्यात बहुधा असते. ही अट कलाकारांना आणि तंत्रज्ञांनाही त्याच दिवशी सांगा, कारण बातमी अनेकदा एखाद्याच्या व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसवरून फुटते.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो 'वर्ल्ड प्रीमियर' या शब्दात. जगातला पहिला जाहीर खेळ म्हणजे वर्ल्ड प्रीमियर, मायदेशाबाहेरचा पहिला तो इंटरनॅशनल. पिफमध्ये (पुणे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात) दाखवलेला चित्रपट फ्रान्समधल्या कान महोत्सवाच्या मुख्य स्पर्धेला चालत नाही, कारण पिफही आंतरराष्ट्रीय महोत्सवच. म्हणून अटी कडक असलेल्या महोत्सवाचा निकाल लागेपर्यंत दुसरीकडे होकार देऊ नका. अख्खा चित्रपट यूट्यूबवर सार्वजनिक केलात, तर बऱ्याच ठिकाणी प्रीमियरचा हक्कच जातो. निवड समितीला पासवर्ड घातलेली लिंक द्या; 'अनलिस्टेड', म्हणजे शोधात न दिसणारी लिंक पुढे पाठवली की कोणालाही उघडते.

पोस्टमध्ये नुसतं लॉरेल (महोत्सवाचं पानांच्या कमानीतलं निवडचिन्ह) चिकटवू नका, मोबाइलवर ती अक्षरं वाचताच येत नाहीत. चित्रपटाचं नाव, विभाग, तारीख, स्थानिक वेळ, चित्रपटगृह, कालावधी, सबटायटलची भाषा आणि तिकिटाची लिंक हे सगळं मजकुरात लिहा. सोबत चित्रपटातलं एकच, पण स्वच्छ स्थिरचित्र. स्पर्धेबाहेरच्या विभागात निवड झाली असेल तर 'नामांकन' म्हणू नका. ती चूक प्रोग्रामर, म्हणजे महोत्सवासाठी चित्रपट निवडणारे, लगेच हेरतात.