टाचेच्या मशीनवर हाडं ठिसूळ निघाली, आता काय?

प्रश्न: डॉक्टर मॅडम, मी केज तालुक्यातली, वय ४६. मागच्या महिन्यात गावात फुकट कॅम्प होता, टाचेला जेल लावून पाय मशीनमध्ये ठेवला, दोन मिनिटांत चिठ्ठी निघाली, उणे २.७. तिथलं पोरगं म्हणलं तुमची हाडं ठिसूळ झालीत, अन् लगेच पावडरचा डबा पुढं केला, अठराशे रुपये. मी नाही घेतला. तसं काही दुखायलं नाही, नुसती कंबर, ती तर सगळ्यांचीच दुखती. पण सासूबाई पारसाल न्हाणीत घसरल्या, खुबा मोडला, तवापासून बाजेवरच हायेत, म्हणून भ्या वाटायलंय. माझी पिशवी ३२ व्या वर्षीच काढलीय. सुया न टोचता खरं काय ते कळतं का?

उत्तर: ताई, डबा घेतला नाही ते लई बेस केलं. ती टाचेची मशीन आवाजाच्या लहरी सोडते, त्यात रेडिएशन नसतं, पण ती चाळणी आहे, निकाल नाही. उणे २.५ ची रेघ जागतिक आरोग्य संघटनेनं १९९४ मध्ये आखली ती डेक्सा तपासणीसाठी, म्हणजे एक्सरेनं हाडांची घनता मोजतात त्यासाठी, टाचेच्या आकड्याला ती लावून ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडं ठिसूळ व्हायचा आजार, म्हणता येत नाही. तरी चिठ्ठी फेकू नका.

आता मुद्द्याचं, जे तुम्ही शेवटी जाता जाता लिहिलंय. पिशवीबरोबर अंडाशयं पण काढली का? माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या बायकांना हेच माहीत नसतं, ‘पिशवी काढली’ एवढंच सांगतात. बीडच्या ऊसतोड बायकांच्या अशा ऑपरेशनांची २०१९ मध्ये सरकारी चौकशी झाली तेव्हा पिशवीची चर्चा झाली, हाडांची फार कुणी केली नाही. अंडाशयं गेली की हाडं सांभाळणारं इस्ट्रोजेन हे संप्रेरक एकदम बंद, आणि पहिल्या काही वर्षांतच हाडं भराभर झिजतात. राशनकार्डाच्या पिशवीत जुनं डिस्चार्ज कार्ड असंल तर काढा, त्यावर इंग्रजीत बी-एस-ओ अशी तीन अक्षरं दिसली तर दोन्ही काढलीत. नुसती पिशवी काढली असली तरी पाळी जायचं वय थोडं अलीकडं येऊ शकतं.

ते कार्ड घेऊन डॉक्टरांकडं जा आणि डेक्सा करून घ्या. लातूरला, संभाजीनगरला होते, आधी फोन करून विचारा कंबर आणि खुबा दोन्हीचं करता का, पैसे किती. अंगावरच्या कपड्यात टेबलावर पडून राहायचं, सुई नाही, रेडिएशन छातीच्या एक्सरेपेक्षाही कमी. त्यात जो आकडा येतो तो टी-स्कोर, तो उणे १ पर्यंत ठीक, उणे १ ते उणे २.५ म्हणजे झीज सुरू झालीय, त्याखाली आजार. एक्सरे नॉर्मल आला म्हणून खूश होऊ नका, एक्सरेत दिसेपर्यंत साधारण तिसरा हिस्सा हाड गेलेलं असतं.

घरी फुकटात एक करा. सकाळी उठल्यावर टाचा भिंतीला लावून उभं राहा, डोक्यावर पोराची वही आडवी धरायला सांगा, पेन्सिलीनं खूण, खाली तारीख. सहा महिन्यांनी परत. तरुणपणापेक्षा उंची चारेक सेंटीमीटरनं कमी भरली तर मणके दबलेत का ते बघावं लागतं. आणि गुडघ्यासाठी कुणाकडून तासाभरात आराम पडणाऱ्या गोळ्या महिनोन्महिने घेतल्या असतील तर तेही सांगा, त्यात बऱ्याचदा स्टिरॉइड असतं, आणि त्यानंही हाडं झिजतात.

खाण्यात दूध, तीळ, नाचणी. आपली ज्वारीची भाकर चांगलीच, पण कॅल्शियमला तिच्या भरवशावर राहू नका.

सासूबाईंचा खुबा मोडला म्हणून तुमचा धोका वाढत नाही, रक्ताचं नातं नाही ना! तुमच्या आईचं काय ते कळवा. मात्र सासूबाईंना हाडाचं औषध चालू झालंय का ते विचारा, पुष्कळदा नुसतं ऑपरेशन होतं आणि औषध राहूनच जातं. आणि न्हाणी तर दोघींची एकच आहे, शहाबादी फरशीवरचं शेवाळ याच आठवड्यात घासून काढा, धरायला भिंतीत एक पाइप बसवून घ्या.