एसईसी ओव्हररेटेड आहे का? वरच्या टीम नाहीत, मधल्या मात्र आहेत

ओहायोत एमएसला आल्यापासून रूममेट सारखे म्हणतात की अमेरिकन कॉलेज फुटबॉलमधली एसईसी (साउथईस्टर्न कॉन्फरन्स, दक्षिणेकडच्या कॉलेज टीमचा गट) म्हणजे नुसती हवा, ईएसपीएन या स्पोर्ट्स चॅनलने चढवून ठेवलेली, तर यात तथ्य आहे का असं तुम्ही विचारलंय. मी अलाबामात बर्मिंगहॅमला राहतो, एसईसीचं हेड ऑफिस याच गावात आहे, आणि इथे कुणाशी नवीन ओळख झाली की नावानंतरचा प्रश्न "अलाबामा की ऑबर्न?" हाच असतो, म्हणजे राज्यातल्या या दोन युनिव्हर्सिटींपैकी तुमची टीम कोणती. मी ऑबर्नवाला. म्हणजे एसईसीवर माझा जीव आहे, तरी सांगतो, वरच्या चार-पाच टीमना जो मान मिळाला तो त्यांनी कमावलाय, पण त्यांच्या जिवावर अख्ख्या कॉन्फरन्सला जो भाव दिला जातो तो जास्त आहे.

आधी रेकॉर्ड बघा. २००६ ते २०२२ या १७ सीझनमध्ये १३ नॅशनल टायटल एसईसीकडे आली, त्यातली पहिली सात तर सलग. नुसत्या हवेवर हे होत नाही. पण ती १३ कुणाची? अलाबामा ६, फ्लोरिडा २, एलएसयू २, जॉर्जिया २, ऑबर्न १, संपली यादी. टेनेसीने शेवटचं टायटल घेतलं १९९८ ला, टेक्सास ए अँड एमने तर १९३९ ला. "एसईसी! एसईसी!" असं स्टँडमधून ओरडताना मात्र सगळे एक असतात.

खरी गोम आहे सीझनआधीच्या रँकिंगमध्ये. २०२४ ला एपी या वृत्तसंस्थेच्या पहिल्या टॉप २५ मध्ये एसईसीच्या ९ टीम होत्या, एकही मॅच झालेली नसताना. नावाजलेल्या क्लासचा पोरगा म्हणजे हुशारच असणार असं आपल्याकडे धरून चालतात ना, तसंच हे. मग या टीम आपापसात खेळतात, जो जिंकतो त्याने "रँक्ड टीमला हरवलं" आणि जो हरतो त्याचं "हरला पण तगड्या टीमशी हरला", म्हणजे दोघांचाही फायदाच. त्या यादीत ओक्लाहोमा १६ व्या नंबरवर होती, तिने सीझन संपवला ६ जिंकून ७ हरून. आणि याच ओक्लाहोमाने अलाबामाला २४-३ असं धुतलं होतं.

लोक म्हणतात की बघा, कोणीही कोणालाही हरवतं, केवढी ताकद आहे. एसईसीतल्याच व्हँडरबिल्टने त्याच वर्षी पहिल्या नंबरच्या अलाबामाला ४०-३५ हरवलं आणि पोरांनी गोलपोस्ट उपटून नॅशव्हिलच्या रस्त्यांवरून नेऊन थेट नदीत टाकले, तो आनंद मी समजू शकतो. पण तीच व्हँडरबिल्ट तीन आठवडे आधी जॉर्जिया स्टेटशी (ही जॉर्जियाहून वेगळी, एसईसीबाहेरची टीम) ३६-३२ हरली होती, आणि जॉर्जिया स्टेटने पूर्ण सीझनमध्ये तीनच मॅच जिंकल्या! मग अलाबामा खाली आली म्हणायचं का व्हँडरबिल्ट वर गेली? हा प्रश्न टीव्हीवर कोणी विचारत नाही याचा मला खरंच राग येतो.

आता तुमच्या रूममेटना एक गोष्ट नक्की सांगा. एसईसीची खरी ताकद बेंचवर होती. २०१७ सीझनच्या फायनलला अलाबामा हाफटाइमला जॉर्जियाच्या १३-० मागे होती, कोच निक सेबनने क्वार्टरबॅक (पास टाकणारा मुख्य खेळाडू) जेलन हर्ट्सला बसवून टुआ टांगोवायलोआ नावाच्या पहिल्या वर्षाच्या पोराला उतरवलं आणि त्याने ओव्हरटाइममध्ये ४१ यार्डांचा पास टाकून मॅच काढली. असा पोरगा बसवून ठेवणं त्यांना परवडत होतं. २०२१ पासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर पैसे कमावता येतात आणि कॉलेज बदलल्यावर वर्षभर बाहेर बसावं लागत नाही, त्यामुळे ती पोरं आता थांबत नाहीत. सेबन जानेवारी २०२४ ला रिटायर झाला आणि त्याचा बचावातला स्टार कॅलेब डाऊन्स सरळ बिग टेन या दुसऱ्या कॉन्फरन्समधल्या ओहायो स्टेटला गेला, एसईसीतल्याच ओल मिसचा, बॉल घेऊन पळणारा क्विन्शॉन जडकिन्स पण तिकडेच, आणि त्या सीझनचं टायटल ओहायो स्टेटचं. टेनेसीला तर त्यांनी प्लेऑफच्या पहिल्याच राउंडला ४२-१७ काढलं. त्याआधी २०२३ चं टायटल मिशिगनने जिंकलं, ती पण बिग टेनचीच, वाटेत अलाबामाला ओव्हरटाइममध्ये हरवून.

उलट बाजू पण आहे, ती लपवत नाही. २०२४ च्या सप्टेंबरमध्ये एसईसीतल्या टेक्सासने चॅम्पियन मिशिगनला त्यांच्याच घरी ३१-१२ हरवलं, आणि २०२५ च्या एनएफएल ड्राफ्टमध्ये (प्रो लीगच्या टीम कॉलेजचे खेळाडू निवडतात तो) २५७ पैकी ७९ खेळाडू एसईसीचे होते, तो तेव्हाचा रेकॉर्ड होता. टॅलेंट कुठे गेलेलं नाही, फक्त बाकीच्यांशी असलेलं अंतर कमी झालंय.

आणि बिग टेनच्या टीम सीझनमध्ये आपल्याच कॉन्फरन्समधल्या टीमशी नऊ मॅच खेळत असताना एसईसीने आठच खेळायच्या आणि नोव्हेंबरच्या मध्यात अलाबामाने मर्सरसारख्या छोट्या टीमला बोलावून ५२-७ करायचं, हे मला कधीच पटलं नाही. २०२६ पासून एसईसी पण नऊ खेळणार असं ठरलंय, ते फार आधी व्हायला हवं होतं.