वाचकांचे प्रश्न: नफा वाढला, शेअर का पडला?

प्रश्न: मायक्रोसॉफ्टचा नफा २००० नंतर वाढला म्हणतात, मग शेअर इतकी वर्षं पडून का होता?

उत्तर: याचं उत्तर पी/ईमधे आहे, म्हणजे शेअरचा भाव भागिले एका शेअरमागची वर्षाची कमाई. १९९९ च्या डिसेंबरात तो ७० च्या वर होता, म्हणजे १ डॉलर कमाईला लोक ७० डॉलर मोजत होते, पुढच्या कित्येक वर्षांची वाढ आधीच भावात धरलेली! नफा २००० मधल्या ९.४ अब्ज डॉलरवरून २०११ मधे २३ अब्जांवर गेला, पण पी/ई १० च्या आसपास उतरला, त्यामुळे भाव निम्म्याहून खाली, आणि जुना उच्चांक मोडायला २०१६ उजाडलं. आजचा एकच आकडा बघू नका, दहा-पंधरा वर्षांचा पी/ई काढा. आणि २०१५ सारखं वर्ष आलं, मायक्रोसॉफ्टनं विकत घेतलेल्या नोकियाच्या फोन-धंद्याचा मोठा तोटा हिशोबात एकदम दाखवला तेव्हा नफा घटला नि पी/ई उगाच फुगलेला दिसला, तेही तपासाच.