सरकार बदललं की भारताचं परराष्ट्र धोरण खरंच बदलतं का?

दिल्लीत सरकार बदललं की परराष्ट्र धोरण बदलतं का, असं तुम्ही विचारलंय. माझ्या मते दिशा तीच राहते, वेग बदलतो, आणि तो वेग सरकारकडं किती खासदार आहेत यावर ठरतो.

बांगलादेशच्या सीमेचंच बघा ना. इंदिरा गांधी आणि मुजीबुर रहमान यांनी १९७४ ला करार केला पण जमिनीची अदलाबदल राहिलीच, कूचबिहारकडं आपले १११ तुकडे त्यांच्या देशात आणि त्यांचे ५१ आपल्यात, तिथल्या माणसाला ना धड रेशनकार्ड ना मतदान, बाजाराला जायचं म्हटलं तरी दुसऱ्या देशातून. २०११ ला मनमोहनसिंगांनी ढाक्याला जाऊन त्याच करारासोबतच्या प्रोटोकॉलवर, म्हणजे जोडकरारावर सही केली, पण घटनादुरुस्ती लागत होती आणि भाजप, आसाम गण परिषद, ममता बॅनर्जी सगळेच विरोधात, मग अडकलं. त्याच भाजपनं सत्तेत आल्यावर मे २०१५ मधे ती दुरुस्ती पास करून घेतली, विरोधात एकही मत पडलं नाही! विरोधी बाकावर जे नको असतं ते खुर्चीवर बसलं की पटतं. अमेरिकेसोबतच्या अणुकराराचं पण तेच, २००८ ला भाजप विरोधात होता आणि नंतर मोदी सरकारनंच तो पुढं नेला.

१९७७ ला जनता सरकार आलं, वाजपेयी परराष्ट्रमंत्री, तरी इंदिरा गांधींनी केलेला सोव्हिएत मैत्री करार तसाच राहिला.

बांगलादेशसोबत तिस्ता नदीचं पाणी वाटून घ्यायचं मात्र बहुमत येऊनही जमलं नाही, कारण तिथं पश्चिम बंगाल राज्याची हरकत होती.

आता आमच्या लातूरचं सांगतो, कारण हे सगळं शेवटी आडतीवर येतं. २०१६ ला मोझांबिकसोबत तुरीच्या आयातीचा करार झाला, २०२१ ला म्यानमार आणि मलावीसोबत. मलेशियाचे तेव्हाचे पंतप्रधान महाथीर काश्मीरवरून भारताच्या विरोधात बोलले, त्यानंतर जानेवारी २०२० मधे आपण रिफाईंड पामतेलाच्या आयातीवर निर्बंध टाकले, आता पामतेल कमी आलं की सोयातेलाला मागणी वाढते म्हणून सोयाबीनवाल्याचं पण लक्ष तिकडं. फेब्रुवारीत महाथीरच पायउतार झाले आणि मे मधे आपल्या व्यापाऱ्यांनी मलेशियाचं तेल परत घ्यायला सुरुवात केली. म्हणजे सरकार बदललं क्वालालंपूरला अन भावाची काळजी आमच्या लातूरकडच्या औशाच्या शेतकऱ्याला. असे करार करताना तूर-सोयाबीन पिकवणाऱ्याला कोणत्याच पक्षाचं सरकार विचारत नाही, याचा मला मनापासून राग येतो.