वाचक विचारतात : फाटा दिसला की वळायचं, पण कुठल्या?

श्रावण लागला की आमच्या टपालात बाईकचे प्रश्न वाढतात. यंदाच्या बहुतेक पत्रांत एक गोष्ट सारखी आहे. कुठे जावं, हे कुणीच विचारलेलं नाही. न ठरवता निघायचं आहे, पण हात भाजून घ्यायचे नाहीत. म्हणून यादी देत नाही. ठिकाणावाचून चालेल, तयारीवाचून नाही, एवढं धरून उत्तरं दिली आहेत.

प्रश्न (विक्रोळी): दर रविवारी पहाटे गाडी काढतो. ठरवलेलं काही नसतं, तीच मजा. पण होतं असं की नाशिक हायवेला लागतो, ट्रेलरच्या मागे धूर खात शहापूर गाठतो, मिसळ खातो आणि त्याच रस्त्याने परत. आतले रस्ते ओळखायचे कसे? मोबाइल बघत जायचं नाही.

उत्तर: मोबाइल खिशातच राहू द्या आणि रस्त्याकडेचे दगड वाचा. किलोमीटरच्या दगडाचा माथा पिवळा असेल तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवा असेल तर राज्यमार्ग, केशरी असेल तर गावाकडे जाणारा ग्रामीण रस्ता. भटकायला हिरवा सर्वांत बरा. तो सहसा एका तालुक्यातून दुसऱ्या तालुक्यात जातो, म्हणजे पुढे कुठेतरी निघतोच, आणि ट्रेलरही कमी. केशरी दगडाचा रस्ता बहुधा शेवटच्या गावातल्या देवळापाशी किंवा शाळेच्या पटांगणात संपतो. जरूर जा, फक्त आल्या वाटेने परतायची तयारी ठेवा.

दुसरी खूण लाल एस.टी. समोरून दुसऱ्या तालुक्याची पाटी लावलेली गाडी आली की समजा, रस्ता आरपार आहे. टपरीवर चौकशी करताना ‘पुढे रस्ता जातो का?’ असं विचारू नका. उत्तर कायम ‘जातो की’ असंच येतं. तो पायी जातो की बैलगाडीने, हे तुम्हाला चार किलोमीटर गेल्यावर कळतं. ‘पुढे एस.टी. कुठपर्यंत जाते?’ हा प्रश्न बरोबर.

तुमच्याच वाटेवरचं उदाहरण घ्या. शहापूरला मिसळ झाली की मागे फिरू नका, उजवीकडे किन्हवलीचा रस्ता धरा. तो सरळगावला कल्याण–माळशेज रस्त्याला मिळतो. डावीकडे माळशेज, म्हणजे श्रावणातल्या रविवारी गाड्यांची रांग. उजवीकडे मुरबाड. मुरबाडहून म्हसा, पुढे कशेळे, मग कर्जत. या सगळ्या पट्ट्यात डाव्या हाताला सह्याद्रीची भिंत सोबत चालते. आधी गोरखगड आणि मच्छिंद्रगडाचे सुळके, मग सिद्धगड, आणि मधे ढग उघडला की कड्यावरून उतरणाऱ्या पांढऱ्या रेघा. कर्जतहून चौकला जुन्या पुणे रस्त्याला लागा आणि पनवेलवरून घरी. शहापूर ते कर्जत हा रस्ता आता कागदोपत्री राष्ट्रीय महामार्ग झाला आहे, तेव्हा इथे दगड पिवळे दिसले तर बिचकू नका.

लांब जायची हौस असेल तर कसाऱ्यापाशी डावीकडे विहीगाव–खोडाळ्याचा फाटा आहे. खोडाळ्याहून मोखाडा–जव्हार किंवा वाड्याकडे जाता येतं. वाटेतल्या धबधब्यांवर प्रशासन पावसाळ्यात बंदी घालतं. फलक दिसला की हुज्जत न घालता पुढे जा, रस्ताच पुरेसा देखणा आहे.

प्रश्न (बोरिवली): ठिकाणच ठरलेलं नसेल तर परत कधी फिरायचं?

उत्तर: ठिकाण सोडा, वेळ ठरवा. पहाटे ५ला निघालात तर ११ वाजता जिथे असाल तिथून गाडीचं तोंड मुंबईकडे करा, मग पुढचं वळण कितीही खुणावत असो. चारनंतर शिळफाटा, भिवंडी बायपास आणि घोडबंदर या तिन्ही ठिकाणी अख्खा रविवार परतत असतो. दिवसभराची मजा तिथे क्लच दाबण्यात जिरते. पेट्रोलचा हिशोब त्याहून सोपा. टाकी अर्धी झाली की पहिला पंप दिसेल तिथे भरा. फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत जुन्यासारखा रिझर्व्हचा कॉक नसतो, म्हणजे पेट्रोल संपल्यावर राखीव साठ्यावर वळता येत नाही. शिवाय टाकीतला पंप पेट्रोलनेच थंड राहतो, सारखी तळाशी चालवली तर तो लवकर जातो.

प्रश्न (मुलुंड): माझी १५० सीसीची गाडी आहे. निघायचं सकाळी उठल्यावरच ठरतं. पाच मिनिटांत काय बघू?

उत्तर: हवा, चेन, ब्रेक, दिवे, याच क्रमाने. हवा टायर थंड असतानाच बघायची, कारण दहा किलोमीटर चालल्यावर आकडा वाढलेला दिसतो. या वर्गातल्या बहुतेक गाड्यांना पुढे २५ ते २८ आणि मागे एकट्याला २८ ते ३० पीएसआय लागते. मागे कुणी बसणार असेल तर ३२-३३. नेमका आकडा स्विंगआर्म (मागचं चाक धरणारा दांडा) किंवा चेनकव्हरवरच्या स्टिकरवर असतो. ‘पावसात हवा कमी ठेवा, ग्रिप मिळते’ हा सल्ला गॅरेजात हमखास ऐकू येतो. डांबरी रस्त्यावर तो चुकीचा आहे. हवा कमी झाली की टायरच्या खाचा दबतात आणि पाणी बाहेर फेकलं जात नाही.

चेनला दोन मिनिटं जास्त द्या, बहुतेक जण तिथेच चुकतात. गाडी डबल स्टँडवर घ्या, इंजिन बंद, न्यूट्रल. खालच्या बाजूला दोन्ही स्प्रॉकेटच्या (चेनच्या दातेरी चाकांच्या) मधोमध चेन बोटाने वर-खाली हलवा. खेळ साधारण २० ते ३० मिलिमीटर हवा, म्हणजे ढोबळमानाने अंगठ्याच्या रुंदीएवढा. मग चाक हाताने फिरवून आणखी तीन-चार जागी बघा. एका जागी ढिली आणि दुसऱ्या जागी ताठ लागली तर चेन असमान ताणली गेली आहे. ती नुसती आवळून भागत नाही, चेन-सेट (चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट) बदलायची वेळ आली आहे. घट्ट चेन चांगली, असंही समजू नका. मागे माणूस बसला की सस्पेन्शन दबतं, चाकाचं अंतर वाढतं आणि चेन आणखी ताणली जाते. आधीच ताठ असेल तर गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर भार येतो.

तेल दर ५०० किलोमीटरला, पावसात भिजून आल्यावर लगेच. ९० नंबरचं गिअर ऑइल चालतं. ते आतल्या बाजूने, चाक हाताने फिरवत लावा, दहा मिनिटं मुरू द्या आणि वरचं पुसून टाका. हे काम आदल्या रात्री केलेलं बरं, नाहीतर सकाळी सगळं तेल रिमवर आणि तुमच्या पँटवर. इंजिन चालू ठेवून, गिअर टाकून चेन पुसू नका. बोटं जातात.

प्रश्न (दादर): बाईक घेऊन अलिबागला जायचं आहे. अटल सेतूवरून सोडतात का?

उत्तर: नाही. अटल सेतू, वांद्रे–वरळी सागरी सेतू, कोस्टल रोड आणि पुणे द्रुतगती मार्ग, चारही ठिकाणी दुचाकीला बंदी आहे. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याची रो-रो बोट घ्या. सुमारे तासाभराचा प्रवास, बाईक बोटीतच. हवामान बिघडलं तर फेरी रद्द होते, तेव्हा पावसाळ्यात सकाळी खात्री करूनच घर सोडा.

प्रश्न (ठाणे): ट्यूबलेस टायर आहे. आडगावात पंक्चर झालं तर?

उत्तर: आधी हे लक्षात घ्या की खिळा दिसला म्हणून लगेच उपटायचा नसतो. खिळाच भोक बुजवून असतो. हवा हळूहळू जात असेल तर ती भरून घ्या आणि बेताने पंक्चरवाल्यापर्यंत जा. टायर पटकन बसत असेल तर मात्र जागेवरच काम करावं लागेल. त्यासाठी सीटखाली स्ट्रिपचा (भोकात भरायच्या चिकट रबरी पट्ट्यांचा) किट, पकड आणि छोटा पंप हवा.

चाक फिरवून खिळा वर आणा, भोकाभोवती खडूने खूण करा, खिळा कोणत्या कोनात घुसलाय ते बघा आणि पकडीने ओढा. त्याच कोनात रीमर (किटमधला खरखरीत टोच्या) घालून पाच-सहा वेळा आत-बाहेर करा. भोक मोठं होईल म्हणून लोक इथे हात आखडतात, आणि मग स्ट्रिप आत जात नाही. स्ट्रिप सुईत मधोमध ओवा, सोल्युशन लावा आणि दोन्ही टोकं सेंटिमीटरभर बाहेर राहतील इतकी दाबा. मग सुई झटक्यात बाहेर काढा. टोकं कापा, हवा भरा, थुंकी लावून बुडबुडा येतो का बघा. भोक टायरच्या बाजूच्या भिंतीत असेल तर हा उपाय नाही, टेम्पो बोलवा. ट्यूबवाला टायर असेल तर योग्य मापाची नवी ट्यूब बरोबर असू द्या. गावातल्या दुकानात काम करणारा हात असतो, पण तुमच्या मापाची ट्यूब असेलच असं नाही.

क्लचची केबल तुटण्याचा प्रश्न दोघांनी विचारला आहे. नवी केबल आताच आणा आणि जुन्या केबलला समांतर, त्याच वाटेने टेपने बांधून ठेवा. तुटली की फक्त दोन टोकं जोडायची.

प्रश्न (कल्याण): माळशेज उतरताना मागचा ब्रेक लागेनासा झाला. मेकॅनिक म्हणतो लायनर (ड्रमला आतून घासणारे ब्रेकचे पट्टे) ठीक आहेत.

उत्तर: तो खरं बोलतोय. पाय सतत ब्रेकवर ठेवून उतरलात की ड्रम तापतो, लायनरचा पृष्ठभाग काचेसारखा गुळगुळीत होतो आणि पकड जाते. वास आला असेल, आठवून बघा. घाट ज्या गिअरमध्ये चढता, त्याच गिअरमध्ये उतरा, वेग इंजिनला धरू द्या. ब्रेक वळणाआधी दाबून सोडायचे, सतत घासत ठेवायचे नाहीत. क्लच दाबून किंवा न्यूट्रलमध्ये घरंगळत उतरणं ही पेट्रोलची बचत नव्हे. तापलाच तर वीस मिनिटं थांबा, पाणी ओतू नका. पुढच्या डिस्कचा लीव्हर मऊ लागत असेल तर ब्रेक फ्लुइड बदला. ते हवेतला ओलावा शोषतं, मग उष्णतेने त्यात वाफ होते आणि लीव्हर आत जातो. दर दोन वर्षांनी बदलायचंच.

प्रश्न (चेंबूर): बायको मागे बसते, तासाभरात कंटाळते.

उत्तर: दर ४० मिनिटांनी थांबा, आणि पुढच्या वेळी फाटा त्यांना निवडू द्या. हेल्मेट दोघांनाही, आयएसआयचंच.

प्रश्न (डोंबिवली): आतल्या रस्त्यावर फरशी पुलावरून पाणी वाहत होतं. घोट्याएवढंच असेल, गाडी काढली. मधेच बंद पडली. आता काय?

उत्तर: वाहतं पाणी दिसलं की थांबायचं, घोट्याएवढं असलं तरी. गढूळ पाण्यात फरशीची कड दिसत नाही, आणि खालचा सिमेंटचा थर वाहून गेला असला तर तेही कळत नाही. तुमच्या डोक्यावर ऊन असलं तरी घाटमाथ्यावर पाऊस झालेला असतो. ते पाणी खाली पोचलं की बघता बघता वाढतं.

गाडी पाण्यात बंद पडली तर सेल्फ मारू नका. सिलिंडरमध्ये पाणी गेलं असेल तर ते हवेसारखं दबत नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. ढकलून कोरड्यात आणा. स्पार्क प्लग काढा, वरचा गिअर टाका आणि मागचं चाक हाताने फिरवा. प्लगच्या भोकातून पाणी उडेल, ते थांबेपर्यंत फिरवत राहा. एअर फिल्टर काढून बघा, भिजला असेल तर पिळू नका, बदला. शेवटी इंजिन ऑइल पाहा. काळं किंवा तपकिरी असेल तर प्लग लावून चालू करून बघायला हरकत नाही. दुधाच्या चहासारखं दिसत असेल तर त्यात पाणी मिसळलंय. गाडी अजिबात चालू न करता टेम्पोत घाला, आणि तेल बदलल्याशिवाय मेकॅनिकलाही किक मारू देऊ नका.